चार जीबीच्या मशीनवर जीसीसी बिल्ड करताना येणाऱ्या एरर

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव करत होते. "मावशी, दोन नंबरचा एरर देऊन राह्यलं." कोणता रे दोन नंबरचा? "मेक, मग तीन चांदण्या, मग एरर टू."

जीसीसी म्हणजे सी आणि सी प्लस प्लसचा कंपायलर. तो सोर्समधून, म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून, स्वतः बिल्ड करायला बसलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच सांगतो. त्या ओळीत काही नसतं. मेक म्हणजे बिल्डची कामं ओळीने करवून घेणारा प्रोग्राम. एक मेक दुसऱ्या मेकला कामाला लावतो, दुसरा तिसऱ्याला. तळाशी कुठेतरी एक काम फसलं की वरचा प्रत्येक जण आपल्या वरच्याला "माझं फसलं" एवढंच कळवतो. दोन हा मेकचा स्वतःचा आकडा आहे, रोगाचा नाही. रोग त्याच्या दोनशे ओळी वर असतो, कधी दोन हजार.

दारव्ह्यात माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे आणि घर तिथून अकरा किलोमीटरवर, गावात. क्लासच्या मशीनवर उबुंटू १८.०४ आहे, म्हणजे सोबत येणारा जीसीसी ७. पोरांना सी प्लस प्लस २० शिकायचं होतं. सिस्टिम नवी टाकली असती तर जुना प्रिंटर आणि फीचा हिशेब दोन्ही बंद पडले असते, म्हणून १३.२ हा सोर्समधून होम फोल्डरमध्ये बिल्ड केला. तुमच्या सिस्टिमला तयार पॅकेज मिळत असेल तर सरळ ते घ्या आणि हा लेख इथेच बंद करा. सोर्समधून बिल्ड करणं म्हणजे पाच-सहा तासांचं काम आणि तीन दिवसांचं डोकं.

आज्ञा आणि एरर मी इथे फोनवर पोरांना सांगते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतच, अक्षराला अक्षर, डॅशला डॅश. "डबल डॅश" म्हटलं की दोन डॅश, मध्ये जागा नाही.

सुरू करायच्या आधी

पहिला प्रश्न जागेचा. सोर्स उघडल्यावर साधारण एक जीबी होतो आणि बिल्डचा फोल्डर त्याच्या कितीतरी पट फुगतो. दहा-बारा जीबी मोकळी असल्याशिवाय हात लावू नका. चार तासांनी "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" वाचायला फार वाईट वाटतं. ही जागा लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर हवी. भाच्याने पेनड्राइव्हवर सोर्स उघडला होता. तो एक्सफॅटचा, त्यावर सिम्बॉलिक लिंक बनत नाही. एररमध्ये "ऑपरेशन नॉट परमिटेड" येतं आणि माणूस सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लावत बसतो. सुडोचा तिथे काही संबंध नाही. फोल्डरच्या नावात स्पेसही नको. "जीसीसी नवीन" असं मधे जागा सोडून नाव दिलं की मेक त्याचे दोन तुकडे करतो.

दुसरी गोष्ट, टारची फाईल, म्हणजे सोर्सचं बांधलेलं गाठोडं. ऐंशी-नव्वद एमबीची आहे, पण आमच्याकडे नेटचे दांडे दुपारी एकच आणि रात्री फार तर अडीच दिसतात. `डब्ल्यूगेट -सी` वापरा, तुटलं तिथून पुढे उतरतं. उघडताना "अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ इनपुट" आलं तर फाईल अर्धी उतरली आहे. सर्व्हरवर फाईलशेजारीच `शा५१२.सम` ठेवलेली असते, तिच्याशी ताडून बघा. अर्ध्या टारमधून अर्धा सोर्स निघतोही, आणि मग तासाभराने भलत्याच ठिकाणी "नो सच फाईल" येतं.

तिसरी, तीन लायब्ररी. कॉन्फिगर, म्हणजे बिल्डच्या आधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट, लगेच थांबून म्हणतो, "बिल्डिंग जीसीसी रिक्वायर्स जीएमपी, एमपीएफआर अँड एमपीसी". आकडेमोडीच्या या लायब्ररी कंपायलरला स्वतःसाठी लागतात. सोर्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये उभं राहून

`./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स`

चालवा. कॉन्ट्रिबच्या आत शिरून चालवलं तर तो रागावतो. ही स्क्रिप्ट लायब्ररी उतरवते, चेकसम तपासते आणि सोर्सच्या झाडातच लावून देते. मग जीसीसीसोबतच त्या बिल्ड होतात. या तिन्ही स्वतः वेगळ्या इन्स्टॉल करण्याचा शहाणपणा करू नका. का ते पुढे येतंच आहे.

आणि सोर्सच्या आत कॉन्फिगर चालवू नका. शेजारी वेगळा रिकामा फोल्डर करा, त्यात जा, तिथून बोलवा:

`../जीसीसी-१३.२.०/कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/जीसीसी१३ --एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब`

लँग्वेजेस दिल्या नाहीत तर फोर्ट्रानसकट आणखी काही भाषा बिल्ड होतात. आपल्याला कशाला? मल्टिलिब म्हणजे ६४ बिटसोबत ३२ बिटचीही तयारी. ती बंद केली नाही आणि ३२ बिटच्या हेडर फाईली मशीनवर नसल्या, की बऱ्याच वेळाने "जीएनयू/स्टब्स-३२.एच: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी" येतं. ३२ बिट खरंच हवं असेल तर उबुंटूवर `लिबसी६-डेव्ह-आय३८६` टाका. नसेल तर वरचा पर्याय पुरे. नवे कॉन्फिगर तर सुरुवातीलाच टोकतात, तेवढी त्यांची मेहेरबानी.

पर्याय बदलले की जुना बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नवा करा. `मेक डिस्टक्लीन`वर मी विसंबत नाही. त्याच फोल्डरवर तीन वेळा वेगवेगळं कॉन्फिगर चालवणाऱ्याचे एरर कोणालाच सोडवता येत नाहीत, मलाही नाही.

लाइन कुठवर आली

माझे बाबा वायरमन म्हणून निवृत्त झाले. घरात दिवा लागला नाही की आम्ही बल्ब हलवत बसायचो आणि ते ओरडायचे, "लट्टूले काय पाहतं? लाइन कुठलोक आली थे पाह्य." मग टेस्टर घेऊन ते मीटरपासून सुरू करायचे. मीटर, मेन स्विच, फ्यूज, बोर्ड. जिथे टेस्टर पेटायचं थांबलं, त्याच्या अलीकडे बिघाड. बिल्डच्या एररला मी हीच रीत लावते.

त्यासाठी लॉग हवा. टर्मिनल वर सरकवून चालत नाही.

`मेक -जे२ २>&१ | टी बिल्ड.लॉग`

फसलं की लॉगमध्ये "एरर" आणि त्याला चिकटून कोलन असा शोध घ्या, तोही वरून खाली, आणि पहिला सापडला तिथे थांबा. कोलन महत्त्वाचा. नुसता एरर शोधला तर फाईलींच्या नावात आणि डब्ल्यूएरर नावाच्या फ्लॅगमध्ये शेकडो सापडतात. जे२ म्हणजे दोन कामं एकदम. एक फसलं तरी दुसरं हातातलं संपवूनच थांबतं, म्हणून खरा एरर वर राहतो आणि खाली भलत्याच फाईलची बडबड दिसते. गोंधळ वाटला तर जे न लावता नुसतं `मेक` पुन्हा चालवा. झालेलं काम तो सोडून देतो, थेट फसलेल्या जागी येतो आणि त्या एकाच कामाची हकीकत शेवटी दिसते. फोनवर मदत करायची असली की मी आधी हेच करायला लावते.

"चेकिंग फॉर अमुक... नो" या ओळींना घाबरू नका. कॉन्फिगर शेकडो प्रश्न विचारतो, त्यातल्या निम्म्यांना उत्तर नाही असलं तरी चालतं.

भाच्याच्या फोनवर परत येते. त्याचा पहिला एरर असा निघाला:

`कॉन्फिगर: एरर: कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाईल्स: कॅनॉट कंपाईल`
`सी कॉन्फिग.लॉग फॉर मोअर डिटेल्स`

जीसीसी बिल्ड करणाऱ्यांमध्ये हा सगळ्यात जास्त भेटणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा एरर. ऑब्जेक्ट फाईलच्या शेपटीशी त्याचं काही देणंघेणं नाही. झालेलं असं असतं: कंपायलर तयार झाला, त्याचं घरातलं नाव एक्सजीसीसी. आता त्याच्याकडून लिबजीसीसी, म्हणजे कंपायलरची स्वतःची मदतनीस लायब्ररी, बनवायची आहे, म्हणून कॉन्फिगर त्याला दोन ओळींचा प्रोग्राम देऊन बघतो. तेवढाही त्याला जमला नाही. का जमला नाही, ते फक्त कॉन्फिग.लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

आता बिल्ड फोल्डरमध्ये कॉन्फिग.लॉग नावाच्या डझनावारी फाईली आहेत. भाचा सगळ्यात वरची उघडून बसला होता. त्यात काहीच नव्हतं, कारण तिथवर लाइन व्यवस्थित आली होती. बरोबर फाईल कोणती, ते एररच्याच ओळीच्या किंचित वर दिलेलं असतं. "कॉन्फिगर: एरर: इन" असं म्हणून पूर्ण पत्ता येतो, आणि त्याच्या शेवटी लिबजीसीसी असतं. त्या फोल्डरमधली उघडायची. अगदी तळाशी जाऊ नका, तळाला नुसत्या व्हेरिएबलची यादी असते. "कॅश व्हेरिएबल्स" असं शीर्षक दिसलं की त्याच्या वर चढा, "कॅनॉट कंपाईल" सापडेपर्यंत, आणि त्याच्याही वर. भाच्याला फोनवर वाचायला लावलं. तो वाचत गेला, वाचत गेला, मग थांबला.

"सीसी१: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएमपीसी.एसओ.३: कॅनॉट ओपन."

"तू एमपीसी वेगळी टाकली होती का?"

"हो. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं."

झालं. लायब्ररी यूझर-लोकलमध्ये बसली होती, बिल्ड करताना सापडलीही, पण कंपायलर (सीसी१ हा त्याचाच आतला प्रोग्राम) चालवायची वेळ आली तेव्हा सिस्टिमच्या लोडरला तिचा पत्ताच नव्हता. `सुडो एलडीकॉन्फिग` केल्याने हे सुटतं. मी मात्र त्याला फोल्डर पुसून डाउनलोडवाली स्क्रिप्ट चालवायला सांगितली. सोर्सच्या झाडातल्या लायब्ररी कंपायलरच्या पोटातच जातात, त्यांना बाहेर शोधावंच लागत नाही.

याच सफिक्सच्या एररमागे दुसरी कारणंही असतात. असेंब्लर न सापडणं हे एक. म्हणून उपाय पाठ करू नका, लॉग उघडा.

पर्यावरणातल्या जुन्या व्हेरिएबलचाही एक छोटा त्रास आहे. "लायब्ररी पाथ शुडन्ट कंटेन द करंट डिरेक्टरी" असं आलं, आणि तुम्ही म्हणाल की मी तर असं काही टाकलंच नाही. बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाईलीत, लायब्ररी पाथच्या ओळीच्या शेवटी एक कोलन लटकत असेल. कोलननंतर काही नाही याचा अर्थ "आत्ता उभा आहे तो फोल्डर" असा घेतला जातो. बिल्डच्या आधी लायब्ररी पाथ, सी इन्क्लूड पाथ, सीपाथ आणि सीफ्लॅग्स हे सगळं `अनसेट` करा.

किल्ड

`जी++: इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड (प्रोग्राम सीसी१प्लस)`

"इंटर्नल कंपायलर एरर" वाचून पोरं समजतात की जीसीसीत बग सापडला. किल्ड हा शब्द वाचा. कोणीतरी त्याला मारलं. `डीमेसेज` चालवा, शेवटी "आउट ऑफ मेमरी" दिसेल. रॅम संपली आणि कर्नलने सगळ्यात जाड्या प्रोग्रामचा बळी दिला.

आमच्या मशीनला चार जीबी रॅम. इंटरनेटवर सगळे सांगतात की जितके कोर तितके जे. कोर चार दिसतात म्हणून जे४ दिलं आणि बाजूला क्रोममध्ये गाणी लावली. जीसीसीच्या सोर्समध्ये काही फाईली राक्षसी आहेत, प्रोग्रामनेच लिहिलेल्या, माणसाने नाही. जिंपल-मॅच ही त्यातली एक. अशा दोन एकदम आल्या की एक जीबीच्या वर एकेक जण मागतो. मी जे२ ठेवते आणि चार जीबीची स्वॅप फाईल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करते: `फालोकेट`ने फाईल, `सीएचमॉड ६००`, `मेकस्वॅप`, `स्वॅपऑन`. तरीही मेला तर नुसतं `मेक`. एकटी फाईल चार जीबीत निघते. ती पार झाली की पुन्हा जे२.

पहिली पायरी लवकर झाली आणि दुसरी रेंगाळली तर घाबरू नका. जीसीसी स्वतःला तीनदा बनवतो. आधी तुमचा जुना कंपायलर नवा बनवतो, मग तो नवा स्वतःला बनवतो, मग तो बनलेला पुन्हा स्वतःला. पहिला ऑप्टिमाइझ न करता बनलेला असतो, म्हणून त्याने केलेलं काम, म्हणजे दुसरी पायरी, बैलगाडीसारखी चालते. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या फाईली बाइटला बाइट ताडल्या जातात.

लाइन गेली तर

जीसीसीच्या कागदपत्रांत न सापडणारा आणि आमच्याकडे हमखास घडणारा भाग आता.

बिल्ड चालू असताना लाइन गेली, इन्व्हर्टर बसलेला, मशीन बंद. लाइन आल्यावर पुन्हा `मेक` दिलं, मजेत पुढे चालला, आणि लिंकच्या वेळी: "फाईल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड" किंवा "फाईल ट्रंकेटेड". पोरं म्हणतात सोर्स खराब. सोर्स चांगला आहे. मेक फक्त वेळ बघतो. ऑब्जेक्ट फाईल आहे ना? सोर्सपेक्षा नवी आहे ना? मग झालेलं. आत काय आहे ते तो उघडून बघत नाही. कंट्रोल-सी दाबून थांबवलं तर अर्धवट फाईल तो जाताना पुसून जातो. लाइन गेल्यावर त्याला पुसायला वेळच मिळत नाही. नाव राहतं, पोट रिकामं.

रिकाम्या शोधून पुसायच्या:

`फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट`

आणि पुन्हा मेक. बहुतेक वेळा एवढ्याने निभतं. मी शेवटच्या दहा मिनिटांत बनलेल्या सगळ्याच ऑब्जेक्ट फाईली उडवते, `-एममिन`ने वेळ मोजून, कारण रिकाम्या नसलेल्या पण अर्ध्या लिहिलेल्याही असतात. याउपर "मिसिंग सेपरेटर" अशी मेकची तक्रार आली तर डिपेंडन्सीच्या फाईलींतही कचरा गेला आहे. तिथे मी जीव काढत नाही, फोल्डर पुसून रात्री परत लावते.

रात्रीच का, त्याला दुसरंही कारण आहे. गेल्या मे महिन्यात माझ्या घरच्या मशीनवर "इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट" येत होता. पहिल्यांदा एका फाईलला. पुन्हा मेक दिला तर ती फाईल निघाली आणि पुढची चौथी पडली. मग सहावी. या गोष्टीकडे नीट बघा: एरर जागा बदलत होता. बग असता तर त्याच फाईलला, त्याच ओळीला, दरवेळी आला असता. जीसीसीला हे स्वतःलाही कळतं. कोसळल्यावर तो तेच काम पुन्हा करून बघतो आणि दुसऱ्यांदा जमलं तर लिहितो की बग पुन्हा घडवता येत नाही, बहुधा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न आहे. मी ती ओळ तीन दिवस न वाचता पुढे जात होते.

खोलीवर टिनाचं छप्पर, बाहेर पंचेचाळीस, कूलरचं पाणी दुपारी संपलेलं. `सेन्सर्स` चालवून बघितलं, प्रोसेसर शंभराला टेकत होता. पंखा उघडला तर आतून कापसाचा लोचा निघाला. घरात वेचणीचा कापूस साठवतो, त्याची रुई उडून बरोबर पंख्यात जाऊन बसते. ब्रशने काढला, थर्मल पेस्ट नवी लावली, बिल्ड रात्री दहाला लावला. एकदाही पडला नाही. ज्यांचं साफसफाईने भागत नाही त्यांनी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून रॅम तपासावी. रॅमची पट्टी काढून, सोनेरी बाजू खोडरबराने पुसून परत बसवण्यानेही मी एक मशीन सुधारलं आहे.

शेवटच्या ताडून बघण्यात "बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर" आला तर मी आधी उष्णता आणि रॅम बघते, मग कोणी सीफ्लॅग्समध्ये स्वतःचं काही घुसवलं का ते. लोक इथे `--डिसेबल-बूटस्ट्रॅप` सुचवतात. त्याने एकदाच बिल्ड होतो आणि वेळही वाचतो, पण ताडायला दुसरी प्रत राहत नाही. घाईत आणि मशीन विश्वासाचं असेल तर वापरा. एरर झाकायला वापरू नका.

तीस रुपयांचा सेल

हा एरर सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. क्लासच्या एका मशीनवर कॉन्फिगर म्हणायचा, "न्यूली क्रिएटेड फाईल इज ओल्डर दॅन डिस्ट्रिब्यूटेड फाईल्स". कसंबसं पुढे गेलं तर मेक म्हणायचा, "क्लॉक स्क्यू डिटेक्टेड". आणि त्यानंतर जे पॅकेज लागायलाच नको, त्याच्या नावाने ओरड: फ्लेक्स मिसिंग, मेकइन्फो मिसिंग.

टारमधल्या सोर्सला फ्लेक्स लागत नाही, त्याने बनवलेल्या फाईली आत तयारच येतात. तो फक्त गिटवरून घेतलेल्या सोर्सला लागतो. मग हा का मागतो? `डेट` चालवलं तर मशीन २०१२ सालात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. लाइन गेली की घड्याळ मागे, नेट आलं की पुढे. काही फाईली २०१२ च्या, काही आजच्या. मेकचा सगळा संसार वेळेवर चालतो, हे वर सांगितलंच. त्याला तयार फाईली शिळ्या वाटल्या आणि त्या नव्याने बनवायला तो फ्लेक्स मागू लागला. त्याच दिवशी डब्ल्यूगेट सर्टिफिकेटवरून कुरकुरत होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं. चुकीच्या तारखेला सर्टिफिकेटही चालत नाही.

घड्याळाच्या दुकानातून तीस रुपयांचा सेल आणला, सोर्स नव्याने उघडला, झालं. एका मशीनवरून दुसरीकडे सोर्स कॉपी करतानाही वेळा बिघडतात. कॉपी करण्यापेक्षा टारची फाईलच न्या आणि तिकडे उघडा. तेही शक्य नसेल तर सोर्सच्या फोल्डरमध्ये `./कॉन्ट्रिब/जीसीसी_अपडेट --टच` चालवा, तो वेळा मार्गी लावतो.

उलटा प्रकारही होतो, जुना जीसीसी नव्या सिस्टिमवर बिल्ड करण्याचा. तिथे "स्ट्रक्ट यूकॉन्टेक्स्ट" किंवा "सिस/यूस्टॅट.एच" वरून एरर येतात. मशीनचा दोष नाही, जीलिबसी, म्हणजे सिस्टिमची सी लायब्ररी, पुढे गेली आणि ती नावं मागे पडली. यूस्टॅटचं हेडर २.२८ मध्ये काढून टाकलं. सॅनिटायझरमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या लायब्ररीत, अडकत असेल तर `--डिसेबल-लिबसॅनिटायझर`. लिबजीसीसीमध्येच अडकत असेल तर त्याच मालिकेतला शेवटचा अंक घ्या, दुरुस्त्या बहुधा त्यात आलेल्या असतात.

इन्स्टॉल झाल्यावर

`मेक इन्स्टॉल`ला होम फोल्डरसाठी सुडो लागत नाही. पाथमध्ये नवा बिन फोल्डर पुढे लावा आणि त्याच टर्मिनलमध्ये `हॅश -आर` मारा, नाहीतर शेलला जुना जी++च आठवतो आणि तुम्ही म्हणता की इन्स्टॉल झालंच नाही.

मग भाच्याने प्रोग्राम लिहिला, कंपाईल झाला, चालवला आणि पुन्हा फोन: "मावशी, जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ नॉट फाउंड." मी विचारलं, कोणी म्हटलं, कंपायलरने की प्रोग्रामने? प्रोग्रामने. म्हणजे लाइन कंपायलरच्या पुढे गेली होती. नव्या कंपायलरने नव्या लायब्ररीवर बेतलेला प्रोग्राम बनवला, पण चालताना सिस्टिमची जुनी लिबएसटीडीसी++, म्हणजे सी++ची लायब्ररी, हाती लागली. कंपाईल करतानाच पत्ता देऊन टाका:

`जी++ -एसटीडी=सी++२० -डब्ल्यूएल,-आरपाथ,$होम/जीसीसी१३/लिब६४ पहिला.सीपीपी`

एलडी लायब्ररी पाथ लावूनही चालतं, पण मग त्या टर्मिनलमधले बाकीचे प्रोग्रामही नवी लायब्ररी उचलतात. मला आरपाथ बरा वाटतो. सिस्टिमची जुनी लायब्ररी काढून तिथे नवी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बिल्ड फोल्डर आता पुसला तरी चालतो, सात-आठ जीबी परत मिळतात. बिल्ड.लॉग तेवढा बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या मशीनवर काही अडलं की दोन्ही लॉग `डिफ`ला देऊन कुठपर्यंत सारखे आहेत ते बघता येतं. पुढच्या आठवड्यात क्लासच्या तिसऱ्या मशीनवर लावायचा आहे, त्याचाही पंखा आधी उघडते.